जुन्या डब्यातली टॉकीज

वऱ्हाडात सिनेमागृहाला कोणी सिनेमागृह म्हणत नाही, थिएटर तर नाहीच. आमच्याकडे 'टॉकीज' असते. भारतीय चित्रपट बोलू लागला १९३१ साली. त्या नवलाईचा शब्द आम्ही जो उचलला तो अजून खाली ठेवलेला नाही. अमरावतीचा पत्ता सांगताना राजकमल चौक, चित्रा चौक अशी नावे सहज तोंडात येतात. पाहुण्याला वाटते, ही कोणा थोर पुरुषांची नावे असतील. ती टॉकीजांची आहेत. चित्रपटाच्या धंद्यात तर आमच्या मुलखाला अजूनही 'सी. पी. बेरार' म्हणतात. मध्य प्रांत व वऱ्हाड हे नाव १९५० साली नकाशावरून पुसले गेले, आम्ही १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो, पण वितरकांच्या वहीतले नाव काही बदलले नाही. त्यांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे ठाणे भुसावळला. मुंबईत पोस्टर लागले तरी रिळांची पेटी अकोल्यास कधी यायची, हे मधले कोणीतरी ठरवायचे.

म्हणजे सिनेमा ही आमच्यासाठी नेहमी दुसऱ्याच्या सोयीने येणारी वस्तू राहिली. तो पहिल्यांदा घरात आला तोही भाड्याने. गणपतीत किंवा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर चोवीस तासांच्या बोलीने आणायचा, रात्रभरात तीन-चार सिनेमे 'वसूल' करायचे आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी मशीन परत द्यायचे, हा सोहळा ज्यांनी अनुभवला त्यांना वेगळे सांगायला नको. मग व्हीसीडी आली. १९९३ साली तिचे मानक ठरले. एका तबकडीवर ७४ मिनिटे, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन तुकड्यांत. नायिका रडत असतानाच उठून तबकडी बदलायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत अस्सल व्हीसीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा किराणा दुकानाच्या काउंटरवरही सिनेमे दिसू लागले. ती कंपनीही २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. आता सिनेमा नळाच्या पाण्यासारखा घरात येतो, असे जाहिराती सांगतात. अकोल्यात ही उपमा जरा जपून वापरावी लागते. महानच्या काटेपूर्णा धरणावर ज्यांचे बालपण गेले त्यांना विचारा, नळाला पाणी आले म्हणजे ते भरून ठेवायचे असते. माझ्या आजच्या लेखाचा विषय म्हटले तर हाच आहे: भरून ठेवणे.

निमित्त घडले ते १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेचे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली होती, पण दिशा स्पष्ट होती. विंडोज ११ घ्यायचे, तर इंटेलचा साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर हवा आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चीप हवी. ज्यांच्याकडे हे नाही त्यांचा संगणक दुसऱ्या दिवशी सकाळी बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीइतकाच चालत होता. पण घराघरांत एक वाक्य ऐकू येऊ लागले: 'आता हे काही कामाचे नाही.'

आमच्या घरचा संगणक २०११ सालचा. 'असेंबल्ड'. हा शब्द तेव्हा थोड्या कमीपणाने वापरला जाई. नामांकित कंपनीचा घ्यायला पैसे नव्हते म्हणून सुटे भाग जुळवून केलेला, असा त्याचा अर्थ. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर आणि डीव्हीडी रायटर. मुलाचे बारावीचे वर्ष होते, त्यामुळे या यंत्राची पूजा दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर होत असे. मुलगा पुढे पुण्याला गेला, लॅपटॉपवर गेला, आणि डबा जठारपेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली राहिला. चालू करायला तीन-चार मिनिटे लागत. तेवढ्यात एक चहा होई.

गल्लीत भंगारवाला आला तेव्हा मी त्याला डबा दाखवला. त्याने वजन न करताच अंदाज सांगितला आणि तो ऐकून मीच दार लोटले. संगणक दुरुस्तीच्या दुकानातला तरुणही प्रामाणिक निघाला. "काऊन भाऊ, ह्याच्यात काय राह्यलं आता? टीव्हीले काडी लावून घ्या ना," तो म्हणाला. काडी म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायची ती स्टिक. पुतण्याचेही मत तेच होते. स्टिक लावा, महिन्याचे पैसे भरा, हवे ते बघा. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नव्हते, आणि हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो, कारण जुन्या वस्तूंच्या प्रेमात पडलेली माणसे हिशेब लपवतात. डबा नीट करायला मला एकूण ४,१९० रुपये लागले. जवळपास तेवढ्याच पैशांत चांगली स्टिक येते आणि तिला पाच मिनिटांत कामाला लावता येते. विजेचेही तसेच. माझा डबा सिनेमा दाखवताना साधारण ६० वॅट घेतो. रोज चार तास म्हटले तर महिन्याला सात युनिटांच्या वर. स्टिकला अर्धे युनिटही पुरते.

मग हा उद्योग कशासाठी? डीव्हीडी रायटरसाठी. आमच्या घरात, किंबहुना आता आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या घरांत मिळून, तबकडी वाचू शकणारे ते एकमेव यंत्र उरले होते. नव्या लॅपटॉपला ती खाच नाही. नव्या टीव्हीला नाही. व्हीसीडी प्लेअर केव्हाच मोडीत गेला. आणि देवघराखालच्या कपाटात, कागदी पाकिटांत घातलेल्या तीन तबकड्या होत्या, ज्यांवर जाड पेनने लिहिले होते: 'ताईचे लग्न, १, २, ३'.

त्या तबकड्यांकडे येतोच. आधी डब्याचे सांगू द्या, कारण तो नीट झाला नसता तर पुढचे काही घडले नसते.

असेंबल्ड संगणकाचा कमीपणा हाच त्याचा मोठा गुण ठरला. त्याचा प्रत्येक भाग स्क्रूने बसतो आणि स्क्रूने निघतो. मदरबोर्डचा आकार आणि स्क्रूच्या जागा ज्या एटीएक्स मानकाप्रमाणे ठरतात ते १९९५ सालचे. डिस्क जोडायची साटा ही पद्धत २००३ ची, चित्राचे कार्ड खोचायची पीसीआय एक्स्प्रेस ही खाचही त्याच वर्षीची. त्यामुळे २०११ च्या मदरबोर्डला काल-परवा तयार झालेली एसएसडी विनातक्रार चालते. बैलगाडीच्या जुन्या साट्याला नवे चाक बसावे तसे. मोबाइल उघडून बघा. सगळे डिंकाने चिकटवलेले. त्याचे वय विकणारा ठरवतो. डब्याचे वय पेचकस हातात असणारा ठरवतो.

पहिले काम साफसफाईचे. अकोल्याची धूळ ही साधी धूळ नाही. काळ्या मातीची भुकटी, त्यात कापसाचे तंतू, आणि वर कूलरच्या ओलाव्याने तिचा बसलेला थर. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली नमद्यासारखा एक तुकडा निघाला. तो काढून ब्लोअरने हवा मारली. (हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, भरारा फिरला तर तो उलटी वीज तयार करतो आणि बेअरिंगही जाते.) प्रोसेसर आणि त्यावरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली. एवढ्यानेच प्रोसेसरचे तापमान नव्वदीवरून साठीत उतरले. जो संगणक 'म्हातारा, संथ' म्हणून बदनाम होता तो मुळात तापलेला होता. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. आपण त्याला आळशी म्हणतो.

उन्हाळ्याचे गणित इथे फार महत्त्वाचे आहे. वीज गाळणारे जे छोटे उभे कपॅसिटर मदरबोर्डवर आणि पॉवर सप्लायमध्ये असतात, त्यांच्या पोटात एक द्रव असतो, आणि ढोबळ नियम असा की, दहा अंश तापमान वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे बंद शोकेसमध्ये डबा ठेवणे म्हणजे त्याला पापडासारखे वाळत घालणे. माझ्या बोर्डवरचे कपॅसिटर सुदैवाने सपाट माथ्याचे होते. फुगलेले असते तर मी हा खर्च केलाच नसता आणि वाचकांनीही करू नये. डबा आता टीव्हीशेजारी उघड्या फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून बसला आहे. दिवाणखान्याची शोभा गेली, असे घरातून सुनावण्यात आले. ते खरे आहे.

मग खरेदी. २४० जीबीची एसएसडी १,५०० रुपये. चार-चार जीबीच्या दोन जुन्या रॅम ९०० रुपये. जुन्या बाजारातून ११०० रुपयांना रेडिऑन एचडी ६४५० हे चित्राचे कार्ड, २०११ चेच, म्हणजे आमच्या डब्याचे समवयस्क. कार्ड घ्यावे लागले कारण आमच्या मदरबोर्डला फक्त जुनी निळी व्हीजीए खाच होती. तिच्यातून चित्र जाते, आवाज जात नाही. एचडीएमआय केबलने दोन्ही एकत्र जातात. या कार्डाला पंखा नाही, नुसता ठोकळा आहे, त्यामुळे त्याचा आवाजही नाही. सिनेमातल्या शांत प्रसंगात ज्याने पंख्याची घरघर ऐकली आहे त्याला या गोष्टीची किंमत कळेल. केबल २००, पेस्ट १००, एक छोटा आकड्यांचा कीबोर्ड ३५०, आणि ४० रुपयांचा बटणासारखा सेल.

या ४० रुपयांच्या सेलबद्दल दोन शब्द. मदरबोर्डवरचा हा सेल संपला की संगणक दर वेळी आपली तारीख विसरतो आणि स्वतःच्या जन्मवर्षाच्या आसपास जाऊन बसतो. मग इंटरनेटवरचे प्रत्येक संकेतस्थळ 'हे सुरक्षित नाही' म्हणून अडवते, कारण सुरक्षेची प्रमाणपत्रे तारखेवर चालतात. असे कितीतरी संगणक 'इंटरनेट चालत नाही' म्हणून भंगारात गेले असतील. दुसरे काही करायचे नसेल तर वाचकांनी निदान तेवढा सेल बदलून पाहावा.

प्रणाली म्हणून लिनक्स मिंट घातली. ती फुकट आहे, तिला टीपीएम चीप लागत नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी मिळाल्यावर डबा अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहू लागला. चहाची सवड गेली. तिच्यावर कोडी नावाचा कार्यक्रम. त्याची जन्मकथा गमतीची आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे पाहता यावेत म्हणून २००२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी तो लिहायला घेतला; २०१४ साली त्याचे नाव कोडी झाले. ज्या कंपनीच्या प्रणालीने आमचा डबा नाकारला, तिच्याच यंत्रासाठी जन्मलेला कार्यक्रम आज त्याच्यात नांदतो. कोडी उघडला की पडद्यावर मोठी अक्षरे, मोठी चित्रे येतात. संगणकाचा संगणकपणा दिसत नाही. पहिल्या दिवशी टीव्हीवर चित्राच्या चारी कडा कापलेल्या दिसल्या. हा दोष डब्याचा नाही, टीव्ही स्वतःच चित्र थोडे ताणतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येते.

खरा प्रश्न आईचा होता. तिचे वय ८२. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. तिला माऊस देणे शक्य नव्हते, आणि टीव्हीचा रिमोट डब्याला चालत नाही, कारण संगणकाची कार्डे टीव्हीच्या रिमोटचे इशारे ऐकतच नाहीत. म्हणून तो आकड्यांचा कीबोर्ड. कोडीमध्ये कुठल्या कळीने काय व्हावे हे आपल्याला ठरवता येते. मी पाच कळा ठेवल्या, बाकीच्या काढून टाकल्या. वर, खाली, 'लाव', 'थांब', 'मागे'. 'लाव' या कळीवर सूनबाईने कुंकवाच्या लाल टिकलीचे पाकीट आणून एक मोठी टिकली चिकटवली, 'थांब'वर काळी. दुसऱ्या दिवशी आईने कोणाला न विचारता 'श्यामची आई' लावला. १९५३ चा तो आचार्य अत्रे यांचा चित्रपट, पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. तिने तो शाळेत असताना टॉकीजमध्ये पाहिलेला. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे 'श्यामची आई' काय किंवा प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' काय, आता सर्वांचे आहेत. ते डब्यात ठेवायला कोणाची परवानगी नको. त्याआधी महिनाभर एका सेवेवर ती एक जुना सिनेमा अर्धा पाहून झोपली होती, आणि चार दिवसांनी तो तिथून नाहीसाच झाला. करार संपला असेल. तिला करार कसा समजावून सांगायचा? तिने इतकेच विचारले, "अर्धा कसा काय नेला त्याईनं?"

आता त्या तीन तबकड्या.

ताईचे लग्न १९९१ च्या मे महिन्यात झाले. बाबा शाळामास्तर. त्यांचा आवाज गोड म्हणता येणार नाही, पण खणखणीत होता, आणि मुलीच्या लग्नात एक मंगलाष्टक स्वतः रचून त्यांनी स्वतःच म्हटले. १९९८ साली ते गेले. आमच्या घरात टेपरेकॉर्डर होता, पण बाबांचा आवाज भरून ठेवावा असे कोणाच्या मनात आले नव्हते; जिवंत माणसाचा आवाज कोणी भरून ठेवत नाही. लग्नाची शूटिंगची कॅसेट तेवढी होती. तिला पावसाळ्यात बुरशी लागायला लागली म्हणून २००४ साली एका स्टुडिओतून ती तीन व्हीसीडींवर उतरवून घेतली. कॅसेट पुढे गेलीच. तबकड्या दोन-तीनदा पाहिल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. एकविसाव्या वर्षी त्या बाहेर निघाल्या, तेव्हा पहिली दोन नीट होत्या. तिसरीवर, आरशात भेग दिसावी तसा, मधोमध एक पांढुरका पट्टा होता. मंगलाष्टके तिसरीवर होती, कारण शूटिंगवाल्याने सकाळच्या हळदीपासून जेवणावळीच्या पानांपर्यंत सारे मनसोक्त टिपले होते आणि गोरज मुहूर्ताला यायला त्याला अडीच तास लागले.

तबकडी खाचेत घातली की यंत्र कुरकुरे, फिरे, थांबे. फाइल उचलून डिस्कवर टाकायला जावे तर प्रत्येक वेळी चूक दाखवून थांबे. इथे व्हीसीडीच्या पोटात काय असते हे थोडे समजून घेतले पाहिजे. सीडीवर माहिती २,३५२ बाइटांच्या कप्प्यांत भरलेली असते. साध्या डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइटच मजकुराला देतात; उरलेल्या बऱ्याचशा जागेत चूक झाली तर ती ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. व्हीसीडी ठरवणाऱ्यांना ७४ मिनिटांचे चित्र मावायचे होते. त्यांनी ही दुरुस्तीची जागा काढून घेतली आणि २,३२४ बाइट चित्र-आवाजाला दिले. म्हणजे व्हीसीडी ही अस्तर काढलेली रजई आहे. त्यामुळे तिच्यावरचा ओरखडा डेटा सीडीपेक्षा जास्त महागात पडतो. शिवाय नेहमीच्या पद्धतीने फाइल उचलायला गेले की लिनक्स हे वेगळे कप्पे पाहून गोंधळते. त्यासाठी व्हीसीडीएक्सरिप नावाचे एक छोटे साधन आहे, जे कप्पे जसेच्या तसे वाचते आणि एखादा फुटका निघाला तरी पुढे जाते.

त्याने वाचायला लावले. यंत्राचा वेग मुद्दाम चारपट एवढाच ठेवला, कारण वेगाने फिरणारी वाकडी तबकडी जास्त थरथरते. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास ते अडले. दुसऱ्या दिवशी तबकडी मऊ ओल्या फडक्याने, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली (गोल पुसू नये, ओरखडा वाचनाच्या वाटेनेच पडतो) आणि पुन्हा. थोडे पुढे गेले. दुरुस्तीच्या दुकानातल्या त्याच तरुणाने त्याच्याकडचा एक जुना दुसरा रायटर दिला. प्रत्येक रायटरची नजर वेगळी असते हे त्याचे म्हणणे होते, आणि ते अनुभवाने खरे ठरले. पाच दिवसांत, दोन यंत्रांवर, नऊ वेळा वाचून जे हाती आले त्यात अकरा मिनिटांचा भाग फुटका होता. मंगलाष्टके नेमकी त्यात.

आम्ही ते तसेच लावले. अंतरपाटाच्या जागी हिरवे-जांभळे चौकोन, गुरुजींच्या डोक्याच्या जागी आदल्या क्षणाचा कोणाचा तरी फेटा, वऱ्हाडी मंडळी ठिगळांसारखी. चित्रातून काही बोध होईना. आणि त्या चौकोनांच्या मागून बाबांचा आवाज आला. मध्ये कुठे अक्षर गाळत, पण सलग. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज किंचित फुटला आणि त्यांनी तो सावरला, तेही ऐकू आले.

हे असे का झाले ते मी नंतर शोधले. व्हीसीडीतले चित्र प्रत्येक क्षणी पूर्ण साठवलेले नसते. अर्ध्या सेकंदाला वगैरे एक पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांत आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच. त्यामुळे एक कप्पा गेला की पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत सारे बिघडत जाते. आवाजाचे तसे नाही. त्याचे तुकडे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे बारीक आणि बहुतांशी आपापल्या पायावर उभे. एक गेला तर तेवढाच जातो. पुढचा त्याच्यावाचून अडत नाही.

आई खुर्चीतून उठली नाही. ती म्हणाली, "हा त तुह्या बाबाचाच आवाज होय." मग तिने हातातल्या कीबोर्डवर 'मागे' दाबले, आणि पुन्हा लाल टिकली.

पुण्याला ताईला तो आवाज त्याच रात्री पाठवला. आता त्याच्या चार प्रती चार घरांत आहेत.

डब्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०११ च्या या कार्डाला २०१३ साली ठरलेली एच.२६५ ही चित्र आवळण्याची पद्धत कळत नाही. ती कार्डाला जमत नाही म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. साध्या एचडीपर्यंत तो कसाबसा ओढतो, '४के' म्हटले की मान टाकतो. यूट्यूबही आपण होऊन नवी पद्धत पाठवते. तिला जुनी पाठवायला लावणारी एक छोटी जोडणी ब्राउझरमध्ये घालावी लागली. पैसे भरून पाहायच्या सेवा लिनक्सवर पूर्ण दर्जाचे चित्र देतीलच असे नाही, त्यांचे कुलूप वेगळे असते. ज्याला केवळ नव्या मालिका पाहायच्या आहेत त्याने स्टिकच घ्यावी. पुतण्याचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. वीज अचानक गेली तर डबा धाडकन बंद पडतो, म्हणून यूपीएस हवा. आमच्याकडे भारनियमनाच्या काळातला होता, त्याची फक्त बॅटरी बदलली. आणि व्हीसीडीचे चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. ४३ इंची पडद्यावर ते ताणून लावले की सगळी वऱ्हाडी मंडळी धुक्यात जेवताना दिसतात. मी ते पडद्याच्या मधोमध छोटे करून लावतो. थोडे दूर बसावे लागते, पूर्वी टीव्हीपुढे सतरंजीवर बसायचो तेवढे.

ही बातमी गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी मुंजीची सीडी आणली. एका निवृत्त प्राध्यापकांनी कृषी विद्यापीठातल्या निरोप समारंभाची. राजराजेश्वराच्या कावड यात्रेची एक आली, तिच्यात खांद्यावर कावड घेतलेला मुलगा आता आजोबा होईल. एकीवर काहीच निघाले नाही. दर्पणासारखा थर सोलून पार पारदर्शक झाला होता. आणणाऱ्या बाईंना ते सांगणे जड गेले. त्यांनी ती रिकामी तबकडी परत पिशवीत ठेवली, टाकून दिली नाही.

एवढ्या वाचनाने माझ्या रायटरचे भिंग आता दमत चालले आहे. नव्या रायटरवर माझा फारसा भरवसा नाही, जुन्यांची नजर चांगली. भंगारवाल्याला सांगून ठेवले आहे. संगणक मोडायला आला की रायटर तो बाजूला काढतो आणि शनिवारी घेऊन येतो, नगाला शंभर रुपये. तीन जमले आहेत. त्यांतला एक उघडतच नव्हता. त्याच्या आत कोणाची तरी तबकडी अडकून राहिली होती. बारीक छिद्रात सरळ केलेली टाचणी घालून ती काढली. तिच्यावर फक्त 'वास्तुपूजन' एवढेच लिहिले आहे. पुढच्या शनिवारी तो आला की ते मशीन कोणत्या भागातून आले ते विचारायचे आहे.